पितळी साप आणि पहिली आज्ञा

अभ्यासपाठ : कुटुंबात एकत्र वाचण्यासाठी
वाचने : निर्गम २०:१-६, गणना २१:४-९, २ राजे १८:१-४, मार्क १०:१७-२२



दहा आज्ञा आपण लहानपणीच पाठ केल्या. पहिली आज्ञा म्हणताना आपली जीभ अडखळत नाही आणि पापनिवेदनाची तयारी करताना मनही तिथे फारसे थांबत नाही. खोटे बोललो, रागावलो, रविवारचा मिस्सा चुकवला, हे सारे आठवते. पण मूर्तिपूजा केली असे कोण म्हणतो? ही आज्ञा दुसऱ्या कोणासाठी तरी आहे, असे आपण धरून चालतो. सोलापुरात तर ही समजूत सहज रुजते. जानेवारीत श्री सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, आषाढीला आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूर माणसांनी फुलून जाते, आणि आपल्याला वाटते की पहिली आज्ञा त्या गर्दीकडे पाहून बोलते आहे.

ती तशी बोलत नाही. सीनाय पर्वतावर देवाने ही आज्ञा मिसरी लोकांना दिली नाही. ज्यांना त्याने मिसर देशातील गुलामगिरीतून सोडवले, त्याच आपल्या लोकांना दिली. आधी देव आपली ओळख करून देतो, आपण काय केले ते सांगतो आणि मग आज्ञा देतो. म्हणजे ही आज्ञा देवाला ओळखणाऱ्यांसाठी आहे. आज ती स्नानसंस्कार घेतलेल्या आपल्यासाठी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयी जाहीरनामा काढला. त्या धर्मांत जे जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवून ही आज्ञा पाळली जात नाही. आपण आपल्याच घरात पाहायचे आहे. कसे पाहायचे, हे जुन्या करारातील एक गोष्ट शिकवते.

१. देवाने करायला लावलेला साप

वाळवंटातील प्रवासात इस्राएल लोक कुरकुर करू लागले. विषारी साप त्यांना डसू लागले, माणसे मरू लागली. लोकांना पश्चात्ताप झाला. मोशेने प्रार्थना केली, तेव्हा देवानेच त्याला साप घडवून खांबावर लावायला सांगितले. मोशेने पितळेचा साप केला. ज्याला दंश झाला तो त्या सापाकडे पाही आणि वाचे. पुढे प्रभू येशूने आपल्या क्रूसाविषयी बोलताना याच सापाची आठवण दिली (योहान ३:१४).

ही गोष्ट आपल्याला माहीत असते. तिचा शेवट मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. शेकडो वर्षे लोटली. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या उत्तरार्धात यहुदाच्या गादीवर हिज्कीया नावाचा देवभीरू राजा होता. त्याने पाहिले की तोच पितळी साप लोकांनी जपून ठेवला आहे आणि त्याच्यापुढे धूप जाळला जात आहे. त्याला नहुश्तान असे नावही पडले होते. हिज्कीयाने तो फोडून टाकला. मोशेच्या हातची वस्तू, देवाच्या सांगण्यावरून केलेली, पूर्वजांचे प्राण वाचवणारी! तरीही राजाने फोडली आणि पवित्र शास्त्र त्याबद्दल त्याची वाहवा करते.

या गोष्टीत आपल्या पाठाचे सारे सार आहे. तो साप वाईट नव्हता. ते देवाचे दान होते. लोकांची नजर सापावरून देवाकडे जात होती तोवर त्यातून जीवन मिळत होते. नजर सापावरच थांबली तेव्हा ते दान मूर्ती झाले. भक्तांच्या घरात मूर्ती बहुधा अशीच तयार होते. उघड वाईट गोष्टीला आपण देव करत नाही, कारण ती वाईट आहे हे आपल्याला कळते. देवाने दिलेली चांगली गोष्टच हळूहळू देवाची जागा घेते.

२. मग आपल्या देवळातील प्रतिमांचे काय?

हा प्रश्न आपल्याला इतर पंथांचे ख्रिस्ती बंधू विचारतात आणि आपली तरुण मुलेही विचारतात. उत्तर शांतपणे देता आले पाहिजे. आठव्या शतकात पूर्वेकडील ख्रिस्तसभेत याच प्रश्नावर मोठा संघर्ष झाला, प्रतिमा फोडल्या गेल्या. इ.स. ७८७ मध्ये निसिया येथील दुसऱ्या परिषदेने निर्णय दिला : प्रतिमेला दिलेला मान, ती ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे पोहोचतो. आराधना मात्र एकट्या परमेश्वराची. पवित्र मरियेला आणि संतांना आपण आदर देतो, त्यांची मध्यस्थी मागतो, त्यांची आराधना करत नाही.

घरातले उदाहरण घ्या. भिंतीवर दिवंगत वडिलांचा फोटो असतो. तो कागद म्हणजे वडील, असे कोणी मानत नाही. पण त्यावर पाय ठेव म्हटले तर कोणी ठेवणारही नाही. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती श्रद्धेवर बंदी असताना अधिकारी नेमके हेच करायला लावत. ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि तिच्यावर पाय ठेवून चालायला सांगत. नकार देणाऱ्याला छळ आणि मरण ठरलेले. ज्यांनी नकार दिला त्यांनी धातूच्या तुकड्यासाठी प्राण दिले नाहीत. ती प्रतिमा ज्याची होती त्याच्यासाठी दिले.

पण हिज्कीयाची गोष्ट आपल्यालाही सावध करते. खऱ्या देवाला वाहिलेल्या भक्तीतही अंधश्रद्धा शिरू शकते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते (परिच्छेद २१११). अमुक प्रार्थनेच्या नऊ प्रती काढून देवळात ठेवा, नाही तर संकट येईल, अशा चिठ्ठ्या पूर्वी बाकांवर सापडत. आता तेच संदेश मोबाइलवर फिरतात. अमुक इतक्या जणांना पाठवा आणि संध्याकाळपर्यंत चांगली बातमी ऐका! बंधुभगिनींनो, असा संदेश निर्धास्तपणे पुसून टाका. देव धमकीची चिठ्ठी पाठवत नाही. आशीर्वादित पाणी, जपमाळ, पदक ही देवाकडे नेणारी चिन्हे आहेत. ती ताईत झाली, मिस्सा आणि पापनिवेदन सोडून केवळ गळ्यातील पदकावर भरवसा राहिला, की तो पितळी सापच समजावा. गाडीला क्रूसही आणि लिंबू-मिरचीही, दारावर येशूचे चित्र आणि आत कुणाकडून तरी आणलेला गंडा, असे दोन दरवाजे उघडे ठेवणे हे देवावर अर्धाच विश्वास असल्याचे लक्षण आहे.

३. देव पहिला म्हणजे नेमके काय?

देवाला पहिले स्थान द्या असे आपण ऐकतो, तेव्हा मनात एक यादी येते. पहिला क्रमांक देव, दुसरा कुटुंब, तिसरा कामधंदा. मग वाटते, सकाळी दहा मिनिटे प्रार्थना केली, रविवारी तास दिला, म्हणजे पहिला क्रमांक आटोपला, आता उरलेला वेळ आपला. हे बरोबर नाही.

आपल्या शहरात हे समजायला माग पुरेसा आहे. चादर विणायची तर आधी उभे धागे मागावर ताणून बसवतात. तो ताणा. मग धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. तो बाणा. चादर बाजारात गेली की गिऱ्हाईक रंग पाहते, नक्षी पाहते. ताण्याची चौकशी कोणी करत नाही. पण ताणा सैल पडला किंवा धागे तुटत राहिले, तर बाणा कितीही रंगीत असला तरी कापड उभे राहत नाही. आपल्या जीवनात देव हा असा ताणा आहे. तो यादीतील पहिली ओळ नाही. संसार, नोकरी, मुले, मैत्री हे सारे धागे त्याच्यातून विणले जायचे आहेत. म्हणून देवाला पहिले स्थान दिल्याने बायकामुलांवरचे प्रेम कमी होत नाही. त्या प्रेमाला आधार मिळतो.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत यालाच साधन आणि साध्य यांतील भेद म्हणतात. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी तो एका दाखल्याने सांगितला. परदेशात दुःखी असलेला माणूस आपल्या घरी निघाला आहे. पण वाटेतील सौंदर्य आणि वाहनातील सुख यांतच तो रमला, तर घरी पोहोचणार कसा? आपण म्हणू, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून पुणे आले तरी उतरायचेच नाही, असा हा प्रकार. गाडी वाईट नाही, खिडकीही वाईट नाही. पण ती घर नव्हे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी धन, मान, कीर्ती, सत्ता, देहसुख यांना एकेक करून तपासले आणि दाखवले की यांपैकी कशानेही माणसाचे मन पूर्ण भरत नाही. जे मन भरू शकत नाही, त्याला देवाच्या जागी बसवले की ते आणखी मागतच राहते.

४. आपल्या घरांतील पितळी साप

पैसा. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. गरिबी ही मूर्तिपूजा नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळते म्हणून रात्री उशिरापर्यंत सूप मांडीवर घेऊन बसणारी आई, पाळी बदलून मिळत नाही म्हणून रविवारी मागावर उभा राहणारा बाप, रुग्णालयात ड्यूटीवर असलेली परिचारिका, यांना कोणी पैशाचे पुजारी म्हणू नये. खरोखर अडचण असेल तर रविवारच्या मिस्साचे बंधन राहत नाही आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने ते पूर्णही होते. पण गरज आणि मूर्ती यांत फरक ओळखण्याची एक खूण आहे. गरजेला पुरे म्हणता येते. मूर्ती पुरे म्हणत नाही. एक प्लॉट झाला, दुसरा हवा. जमिनीच्या वाट्यावरून सख्खे भाऊ एकाच देवळात दोन बाजूंच्या बाकांवर बसतात, शांतीची खूण देताना एकमेकांकडे पाहत नाहीत आणि तरीही परमप्रसादाला पुढे येतात. लोभ ही मूर्तिपूजाच आहे, असे संत पौल का लिहितो (कलस्सै ३:५), ते अशा वेळी कळते. आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला ते टिकते का? या शहराचा दिवस एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर उगवत असे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करून सगळ्या बंद पडल्या. ज्या घरांत पगाराशिवाय दुसरा आधार होता, ती घरे त्यातूनही उभी राहिली.

मुलांचे यश. हा साप सर्वांत प्रिय, म्हणून सर्वांत अवघड. मुलांनी शिकावे, पुण्या-मुंबईत चांगली नोकरी मिळवावी, ही इच्छा पवित्रच आहे. पण आम्ही धर्मगुरू आणि धर्मशिक्षक दरवर्षी पाहतो. दहावीचे वर्ष आले की रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातील बाके रिकामी होतात. क्लासची चाचणी रविवारी सकाळी असते. बारावी होईपर्यंत मिस्साही सुटतो. आईवडील म्हणतात, फादर, एवढी दोन वर्षे जाऊ द्या. मूल यातून काय शिकते? परीक्षा मोठी आणि देव सवडीचा, हे शिकते. तो धडा दोन वर्षांत संपत नाही. पुढे नोकरी मोठी असते, मग बढती मोठी असते.

आणि ज्याला मार्कांच्या देवापुढे उभे केले, त्या मुलाची अवस्था काय होते? मार्क कमी पडले म्हणून जिवाचे बरेवाईट करून घेणाऱ्या मुलांच्या बातम्या निकालानंतर वर्तमानपत्रांत येतात. वाचून काळजात चर्र होते. जुन्या करारात मोलख दैवतापुढे लोक आपली मुले होमत, म्हणून संदेष्टे कळवळून बोलले (यिर्मया ३२:३५). मूर्ती मुलांचा बळी घेते. खरा देव तसा नाही. अब्राहामाने इसहाकाला देवापुढे आणले, आणि देवाने त्याला जिवंत परत दिले (उत्पत्ती २२). आपले मूल देवाच्या हाती सोपवणे म्हणजे त्याला गमावणे नव्हे. नापास झालास तरी तू देवाचा आहेस आणि आमचा आहेस, हे ज्या घरात मुलाला ठाऊक असते, तिथे परीक्षा ही परीक्षाच राहते.

मानमरातब. लग्नात लोक काय म्हणतील, या एका प्रश्नापायी किती घरे कर्जात बुडाली! बँड, मंडप, जेवणावळ, सोने. आणि विवाह संस्काराच्या तयारीला मात्र वेळ नाही. जातीचा अभिमानही याच ओळीत बसतो. एकाच परमप्रसादात सहभागी होणारे आपण सोयरीक जुळवताना आधी जात पाहतो, तेव्हा वेदीपुढे कोण पहिला आणि घरात कोण पहिला, हे उघड होते. धर्मग्रामातील पदे, सणाच्या वर्गणीदारांच्या यादीतील क्रम, अगदी नव्या इमारतीची हौस, यांनाही हीच कसोटी लागते. आम्ही धर्मगुरूही त्यातून वगळलेले नाही.

५. वसईचा व्यापारी

देवाला पहिले स्थान देणे जमते का, असे कोणी विचारले, तर उत्तरासाठी दूर जायला नको. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसईत, सोळाव्या शतकात एक मुलगा जन्मला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय धर्मगुरूंकडे तो शिकला, तरुणपणीच त्यांच्याबरोबर जपानला गेला, जपानी भाषा उत्तम शिकला आणि अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग तो व्यापारात उतरला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. धंद्यात भरभराट झाली.

इथे अनेकांची गोष्ट संपली असती. देवाने दार उघडले नाही, धंदा मात्र दिला, असे म्हणून कोणीही स्वस्थ बसले असते. पण या व्यापाऱ्याचे मन मालावर थांबले नाही. फिलिपिन्समधील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला, सर्व व्यापार मागे टाकून. १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला. राज्यकर्ता हिदेयोशी याच्या हुकमाने १५९६ च्या अखेरीस त्यांना पकडण्यात आले. क्योटोत त्यांचे कान कापले, भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवत नागासाकीला नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसांवर बांधून भाल्यांनी मारले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. काही तर बारा-तेरा वर्षांची मुले होती. वसईच्या त्या व्यापाऱ्याला ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. तेच आपले संत गोन्सालो गार्सिया.

मार्कच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस खिन्न होऊन परत गेला, कारण त्याची मालमत्ता पुष्कळ होती. गोन्सालोकडेही ती होती. फरक एवढाच, की त्यांनी ती हातात धरली होती, हृदयात नाही. म्हणून सोडायची वेळ आली तेव्हा हात उघडला. आपल्यापैकी बहुतेकांना देव दुकान किंवा नोकरी सोडायला सांगणार नाही. पण सांगितले तर हात उघडेल का, हा प्रश्न प्रत्येकाला आहे.

६. या आठवड्यासाठी

घरातील सर्वांनी एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून एकत्र बसावे. २ राजे १८:१-४ मोठ्याने वाचावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे. लहान मुलांनाही बोलू द्यावे. ती आपल्यापेक्षा स्पष्ट पाहतात.

१) सकाळी डोळे उघडताच आपले मन प्रथम कोठे जाते?
२) कोणती गोष्ट गेली तर आता जगण्यात अर्थ नाही असे आपल्याला वाटेल?
३) देवासाठी ठेवलेला वेळ गेल्या महिन्यात कितीदा दुसऱ्या कशाला दिला? तो खरोखर नाइलाज होता का?
४) कोणाशी असलेला अबोला आपण पैशासाठी किंवा मानासाठी चालू ठेवला आहे?

उत्तर सापडले तर ती गोष्ट फेकून द्यायची गरज बहुधा नसते. मुले, घर, शिक्षण, कमाई ही देवाचीच दाने आहेत. ती त्याच्या हाती परत द्यावीत आणि त्याच्याकडून पुन्हा स्वीकारावीत. प्रत्येक ख्रिस्तयागात आपण हेच करतो. भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे आपल्या कष्टाचे फळ, वेदीवर ठेवतो आणि देव ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त करून आपल्याला परत देतो. पुढच्या अर्पणाच्या वेळी आपल्या घरातील पितळी सापही मनोमन त्या ताटात ठेवू या. मुलांच्या वह्या, दुकानाच्या किल्ल्या, भावाबरोबरचे भांडण, जे असेल ते.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आम्हाला पुष्कळ दिलेस. दानाकडे पाहताना दात्याला विसरण्यापासून आमचे रक्षण कर. आमच्या घरात, आमच्या कामात आणि आमच्या मुलांच्या मनात तुझी जागा तुलाच असू दे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.